र कुठे गेला

इमामवाड्यात, दुसऱ्या मजल्यावर,
खसच्या वासाचा कूलर रात्रभर घरघरतो
आणि माझ्या कानात बोस्टनचा एक डॉक्टर
पेशंटची हकीकत सांगतो.
उजव्या पायाखाली पेडल आहे.
दाबलं की बोलतो,
सोडलं की तोंड उघडं ठेवून थांबतो.

त्याच्या बोलण्यात र नाही.
हार्टला हाट म्हणतो.
हाट मोठा झालाय, सांगतो,
आणि मी टाइप करते ते बरोबरच, पण दिसतो मला
मोहाडीचा आठवडी बाजार,
वांग्यांचे ढीग, मिरचीचा खकाणा,
पार बरगड्यांपर्यंत पसरलेला.

ग्लासगोच्या बाईंकडे मात्र र-ची चंगळ.
तोंडात खडे घोळवल्यागत बोलतात.
बारक्या गाठीला त्या 'वी' म्हणतात.
पहिल्या आठवड्यात माझ्या कागदावर ती झाली
'आम्ही गाठ'.
झीनत मॅडमनं लाल खूण केली,
"अगं, वी म्हणजे इवलीशी."
वी. इवली.
मी दोनदा पुटपुटले. चहा निवला.

न्यूझीलंडचा चेस्टला चिस्ट म्हणतो, लेगला लिग.
प्रज्वल गेडाम हेडफोन काढून विचारतो,
"काऊन बे, याच्याकडे मात्रा महाग आहे का?"

आणि कॉर्कचे ते म्हातारे डॉक्टर:
शी इज आफ्टर फॉलिंग.
म्हणजे ती पडण्याच्या मागे लागली आहे?
तीनदा पेडल मारलं. चौथ्यांदा उमगलं,
पडून आलीये. आत्ताच.
हे तर आमच्यासारखंच झालं,
जेवून आहे, न्हाऊन आहे, रुसून आहे.

सीताबर्डीच्या क्लासमधले सर सांगायचे,
खरं इंग्रजी एकच,
तीन महिन्यांत मिळतं, फी आगाऊ.
आणि पुण्याची मामेबहीण
माझ्या 'करून राहिली'वर हसून हसून
उशीत तोंड खुपसायची.
झिरो माइलच्या दगडावर गावांची अंतरं कोरली आहेत.
जिभांची अंतरं कुठून मोजायची,
ते तिथंही लिहिलेलं नाही.

आमच्या कामात नियम एकच कडक:
न कळलेल्या शब्दाचा अंदाज करायचा नाही.
रेघ ओढायची, जागा रिकामी सोडायची.

मार्चमध्ये आईला मेडिकलला नेलं.
सांगलीकडचा कोवळा डॉक्टर, बाही दुमडलेली.
आई म्हणाली, "पोटात रातभर कर येऊन रायली."
"काय कर?"
"कर जी, कर!" बहिऱ्याला सांगावं तसं, मोठ्यानं.
बाबा अकोटचे. ते मदतीला धावले,
"कय, साहेब. कय येते तिले."
तो पेन धरून बसला.
पेडल सोडल्यावर माझा होतो
तसा त्याचा चेहरा.
आणि मग त्यानं
फॉर्मवर रेघ ओढली.

एका घरात दोन कळा,
आणि ळ कुणाकडेच नाही.

"कळ," मी म्हटलं, पुस्तकातली.
त्यानं मान हलवली, इंग्रजीत काहीतरी लिहिलं.
परत येताना ऑटोत आईनं विचारलं,
"का लिवलं त्यानं?"
"कर," मी सांगितलं.
तेव्हा ती खिडकीशी नीट टेकून बसली.

तर बोस्टनला जो र हरवला
तो मोहाडीत ळच्या जागी राहतो आहे,
भाडं न देता, कित्येक पिढ्या.
हे मी कुणाला कळवायचं?
रिपोर्टात अशा मजकुराला रकाना नाही.

काल रात्री आई पाण्याला उठली,
दारात थांबली. "कोन बोलून रायला?"
मी एक कान काढून तिला दिला.
तिनं डोरे मिटून ऐकलं, बराच वेळ.
माझा पाय पेडलवरच होता.
"बिचारा," म्हणाली,
"दात पडले का त्याचे?"