कोल्म

वडिलांकडे आता एकच शब्द उरलाय: कोल्म.
कोल्म म्हणजे तीन.
पाणी हवं, कोल्म. खिडकी लाव, कोल्म.
जिन्यात शेजारची मांजर दिसली की
लाडानं, लांबवून, को...ल्म.

मार्चमधल्या एका मंगळवारी दाढी करताना
डोक्यातली एक बारीक नळी फुटली,
आणि तार्तूच्या विद्यापीठात
भाषा म्हणजे काय हे जन्मभर शिकवलेला माणूस
अर्ध्या गालावर साबण घेऊन
माझ्याकडे बघत राहिला.

भाषा डोक्यात नसते, असं म्हणायचे ते.
तोंडात तर नसतेच.
फळ्यावर वाक्य लिहायचे, पुसायचे,
हात झटकत विचारायचे,
"मी काय पुसलं? वाक्य, की खडू?"
कुणीही न बोललेली, कधीच कुणी न बोलणारी वाक्यंसुद्धा
त्यांच्या मते आहेतच,
कुणी न मोजलेली संख्या असते तशी.
माणसं नुसती जाऊन येतात तिथवर, घागर घेऊन.

"विहीर कसली, रायमो," काल्यूकाका म्हणायचे,
"पायवाट आहे ती. चालणारे थांबले की गवत."
तीस वर्षं, दर रविवारी,
धुरी दिलेला मासा सोलता सोलता
हेच भांडण.

मी नाटकगृहात कोट सांभाळते.
चारशे बारा हूक, चारशे बारा पितळी बिल्ले.
उन्हाळ्यात एक कोट नसतो,
तरी दोनशे सातवा हूक दोनशे सातवाच.
वडिलांचं मला कळलं ते एवढंच.
एकदा मी म्हटलं, "पण हूक सुतारानं ठोकलाय ना?"
"हूक ठोकला. दोनशे सात कुणी ठोकला?"

गुरुवारी पिरेत येते, चित्रांचे पत्ते घेऊन.
चमचा. होडी. कांदा.
ते कांद्याकडे बघतात, ओठ जुळवतात,
गळ्याची शीर ताठ होते, आणि
कोल्म.
मग चांगल्या हातानं टेबलावर थाप.
चुकलं हे त्यांना कळतं.
चूक कळायला बरोबर काहीतरी
कुठेतरी शाबूत असावं लागतं.
कुठे, ते मी कुणाला विचारू?
ज्यांना विचारायचं
ते कांद्यावर रागावून बसलेत.

आमच्या भाषेत भविष्यकाळाला वेगळं रूप नाही.
दारापाशी पिरेतला विचारलं, "बोलतील का?"
"बोलतात," ती म्हणाली, बुटाची नाडी बांधत.
आत्ता, की पुढे कधी,
शब्दावरून ओळखायची सोय नाही.

काल्यूकाका आले रविवारी, मासा घेऊन.
वाद जिंकायला याहून सोपा दिवस नव्हता.
कोट काढला, खुर्ची ओढली,
बराच वेळ काही नाही.
मग त्यांचाच आवाज, जरा घसा खाकरून:
"कोल्म."
वडील तडकले. "कोल्म! कोल्म, कोल्म..."
"कोल्म," काका, शांतपणे, काटा काढत.
स्वयंपाकघरात बटाटे सोलताना
मी सगळं भांडण ऐकलं.
कोण कुठे अडलं, कुणी कुणाचं तोडलं,
कुठे काका मुद्दाम हरले, तेसुद्धा.
ही भाषाही आधीपासून होती का,
या दोघांची वाट बघत?
की आत्ताच, माशाच्या वासात,
टेबलावर रुजली?
बटाटे करपले, तेवढं नक्की.

संध्याकाळी चाकाची खुर्ची एमायोगीच्या काठाला नेली.
नावातच आई असलेली नदी; बर्फ नुकता सुटलेला.
पाण्यात बदकं.
"कोल्म," वडील म्हणाले.
मी मोजली. तीन.
खरंच तीन.

आम्ही दोघं दचकलो.
अंधारात सहज फिरवलेली किल्ली
कुलपात बसावी, तसा त्यांचा चेहरा.
शब्द सापडला, की संख्या,
की नुसती बदकं जुळून आली?
माझा श्वास अडकलेला,
तेवढ्यात बुडी मारलेलं चौथं
पंख झाडत वर आलं.

वडील हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा,
अर्ध्याच तोंडानं, पण पोट हलेपर्यंत.
त्या चौथ्याकडे बोट करून,
माझी चूक दुरुस्त करावी तसं,
सावकाश, एकेक अक्षर सोडवत म्हणाले:
कोल्म.