एक सीट रिकामी होती

एक सीट रिकामी होती म्हणून मी आले, चिमू,
नाहीतर पहाटे चारला पुऱ्यांचा डबा तुमच्या हातात देऊन
मी परत झोपणार होते.
कर्वेनगरच्या कोपऱ्यावर टेम्पो ट्रॅव्हलर घुरघुरत उभी,
आणि तू खिडकीतून: काकू, चला ना,
जो आलाच नाही त्याचेही पैसे भरलेत.
भरलेले पैसे वाया जातायत म्हटल्यावर
पुण्यातल्या बाईला आणखी काय सांगावं लागतं?
चप्पलसुद्धा बदलली नाही.
गॅस बंद केला की नाही, ते मुळशीपर्यंत आठवत बसले.

चिम्वेम्वे. पहिला महिनाभर मला जमलंच नाही.
चिमू म्हटलं तर हसलीस, ओ दिलीस.
मग कधीतरी भात वाढताना सांगितलंस
की तुमच्या भाषेत त्याचा अर्थ आनंद.
म्हणजे माझ्या मेसच्या वहीत वर्षभर लिहिलंय:
आनंद, एक वेळ, पोळ्या नकोत, भात जास्त.

ताम्हिणीत सालेमला उलटी झाली.
माणगावला चहा.
दिवेआगरच्या सुरूच्या बनातून आधी आवाज आला,
मग उजेड,
मग ते.

तू धावत गेलीस, सवयीनं ओंजळ भरलीस
आणि प्यायलीस!
थुंकलीस, खोकलीस, मग एवढी हसलीस
की शहाळेवाला कोयता हवेतच ठेवून बघत राहिला.
आमच्या तळ्याचाही पलीकडचा काठ दिसत नाही, काकू,
आमच्याकडेही लाटा, होड्या, वाळूत खेकडे,
पण आमच्याकडे लाट पिता येते.

पंचावन्न वर्षांत
असं वाक्य माझ्यासमोर कुणी बोललं नव्हतं.

सालेम कंबरभर पाण्यात, पश्चिमेला तोंड करून.
त्याचं मुकल्ला याच पाण्याच्या कुठल्यातरी टोकाला.
फोन उंच धरला होता त्यानं.
रेंज नव्हती.
धरलाच होता.

मी आपली काठावर. पाच पर्सा, चार मोबाइल, एक चष्मा.
मागे एकदा आले होते, ह्यांच्या बँकेच्या सहलीत, मुरुडला,
तेव्हाही सगळ्यांची घड्याळं राखून परतले.
तू आलीस, पर्सा उचलून थेट ड्रायव्हरच्या गळ्यात घातल्यास
आणि माझं मनगट धरलंस.

पायाखालची वाळू सरकते, असं आपण म्हणतो.
मी ते आजवर वाईट बातमीसाठीच वापरलं.
खरंच सरकते गं.
गुदगुल्या होतात.

परतताना वाट वाकडी करून भरडखोल.
जाळ्यावर वाळत टाकलेली मांदेली बघून
"उसिपा!" असं ओरडलीस की कचकन ब्रेक लागला.
आणि त्या कोळणीशी भाव करताना
तुला माझ्याच मेसचं मराठी येत होतं:
अजून थोडं वाढा ना, काकू.
तिनं वाढलं. मूठभर जास्तच.
वर्तमानपत्रात, मग तीन पिशव्यांत,
तरी चांदणी चौकापर्यंत सगळी गाडी मांदेलीच.

आता रात्रीचे अकरा.
बाहेर माझी पाटी: शुद्ध शाकाहारी भोजन.
खाली बारीक अक्षरात: नऊनंतर आग्रह करू नये.
डबा विसळते तर तळाशी वाळू, कितीही पाणी घाला.
तू दारात, पुडकं पाठीमागे धरून,
तोंडी परीक्षेला उभी राहावीस तशी गप्प.

माळ्यावर बिडाचा जुना तवा आहे, स्टूल घे.
तो आजपासून तुझा, माझ्या भांड्यांत मिसळायचा नाही.
शेगडी गॅलरीत लाव.
कांदा मी चिरून देते, कांद्याला काही होत नाही.
खालचे साने उद्या विचारतील. विचारू देत.

आणि आधी पाय धू, सगळ्या घरभर वाळू होईल.

माझं काय विचारतेस.
पोटऱ्यांवर मीठ वाळलंय, ओढल्यासारखं होतंय,
उद्या बघू.