खालचा खण

मुहर्रकच्या मासळीबाजारात बुधवारी संध्याकाळी
तिसऱ्या दिसल्या. दीड किलो घेतल्या, घासाघीस न करता.
पावसकरांचं तिकीट शुक्रवार रात्रीचं,
एकतीस वर्षांनी, परतीचं नसलेलं.
म्हटलं, गुरुवारी जेवायला बोलवू.

फोनवरच ओरडले:
आधी पिशवीची गाठ सोड! गुदमरतील.
अरे मेल्या, जीव आहे तो, वांगी नव्हेत.
आणि नळाच्या पाण्यात बुडवू नकोस.
मी म्हटलं, हे पाणी परवापर्यंत समुद्रच होतं की.
होतं ना, म्हणाले,
मीठ काढून घेतलं त्याचं.
मग बराच वेळ खोकले. त्याच कारखान्याचे पाइप
वीस वर्षं त्यांनीच जोडलेत.

तर: पसरट परात. वर ओला पंचा,
घट्ट पिळलेला. झाकण नको.
सगळ्यात खाली ठेव, गारवा लागू दे, बर्फ नको.

पंचा कुठला इथे? कंपनीचं जुनं बनियन भिजवलं,
पाठीवरचा नंबर वर आला.

आमच्या फ्रीजला खण चार, माणसं सहा.
खालचा खण मोतालेबचा.
दह्याचा डबा, मिरच्या, इन्सुलिनच्या दोन कुप्या
एकेक करून त्याने बिजूच्या खणात नेल्या,
मग परातीकडे वाकून पाहिलं
आणि दार हलकेच लावलं,
आत कुणी झोपलंय तसं.

अकराला पुन्हा फोन.
तिकीट बदललं रे. उद्या पहाटे साडेपाचचं.
कंपनीला ते स्वस्त पडलं.
मग तिसऱ्यांचं काय, असं मी विचारलं नाही.
त्यांनीच विचारलं.

बनियन उचललं. काही जरा उघडल्या होत्या,
फटीतून जीभ बाहेर, आमच्या दिव्याची चव बघत.
नखाने टकटक केलं.
मिटली. ही मिटली. हीपण.
दोन नाही मिटल्या, काढून ठेवल्या.
एक मात्र फार वेळाने मिटली, सावकाश,
हजेरीत आपलं नाव उशिरा ऐकू आल्यासारखी.
तिला परत आत ठेवलं.

पावणेतीनला दारावर टकटक.
दोरीने आवळलेले दोन खोके, त्यांवर मार्करने
वजन आणि गुहागर.
विमानतळ काय, गल्लीच्या तोंडाशी आहे, म्हणाले,
आणि बूट न काढता स्वयंपाकघरात शिरले.
बिजूने नारळ खवला. मोतालेब झोपेतून उठून
कांदा कापू लागला, डोळे मिटूनच.
आमसुलं पावसकरांनी खिशातून काढली,
ती सामानात भरायची राहिली होती की ठेवली होती,
कळलं नाही.

शिजल्यावर नियम उलटा, ते म्हणाले.
आता उघडत नाही ती टाकायची.
परातीभोवती उभ्यानेच जेवलो.
शिंपल्या वाजत राहिल्या, बोलणं असं झालं नाही.
शेवटी एक मिटलेलीच उरली.
टाक ती, म्हणाले,
आणि तळहातावर घेऊन फिरवत बसले,
टॅक्सीचा हॉर्न दुसऱ्यांदा वाजेपर्यंत.

शुक्रवारी फ्रीज उघडला तर
खालचा खण तसाच रिकामा. बनियन अजून ओलसर.
मोतालेबला म्हटलं, आण तुझं सामान खाली.
वाळू दे आधी, म्हणाला.