आवक-जावक

दारातल्या टेबलावरची वही माझी.
नाव, वर्ग, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, सही.
निम्म्या सह्या कन्नडात, निम्म्या मराठीत,
घाईतल्या कुठल्याच लिपीत नाहीत.

सोमवारी सायबांनी बोलावलं.
मोनाप्पा, तीन वर्षांच्या वह्या काढ.
कोण किती तास बसलं ते एका रकान्यात,
त्याचे मार्क शेजारच्या रकान्यात.
ग्रंथालय आणि यश, ह्यांचं नातं वर कळवायचंय.
हौदु सार, म्हटलं.
नाती जुळवायची तर आमच्या गल्लीत
पानसुपारी लागते आणि दोन म्हातारी माणसं.
इथं पट्टी आणि पेन्सिल.

बसलो बोटाला थुंकी लावून.

शिवलीला कंबार, बैलहोंगलकडची.
वर्षात चार नोंदी, त्याही दहा-दहा मिनिटांच्या.
खरं पुस्तकं तिच्या नावावर एकावन्न.
परत यायची तेव्हा पानांच्या कोपऱ्यावर
काजळीचे अंगठे.
भाता ओढत वाचायची म्हणे, एका हातानं.
दंड लावायचा होता मी. लावला नाही.
पहिला वर्ग. तास: शून्य पूर्णांक सहा.

नाझनीन बागवान, अकरा ते दोन,
खिडकीकडची खुर्ची.
कपाटातलं एक पुस्तक काढलं नाही तिनं कधी,
स्वतःचीच वही, स्वतःचंच पेन.
एकदा विचारलं, बाई, हे घरी होत नाही काय?
म्हणाली, चाचा, इथं मला कोण हाक मारत नाही.
विद्यापीठात दुसरी आली.
ते आमच्या पुस्तकांचं यश धरायचं
की आमच्या गप्प बसण्याचं,
सायबांनी सांगितलेलं नाही.

मधलं एक वर्ष वही फुगलेली.
त्या वर्षी ग्रंथालयाला पाच मार्क ठेवले होते.
पोरं सही करायची, मागच्या दारानं चहाला जायची.
नातं त्या वर्षी लई घट्ट दिसतंय.

आणि रवळू पाखरे.
जांबोटीच्या पुढं कुठंतरी, जंगलातला.
सकाळची पहिली बस, संध्याकाळची वस्तीची बस,
मधला दिवस ठेवायला त्याला दुसरी जागा नव्हती.
पंख्याखाली डोकं टेकून झोपायचा,
उठला की गालावर पुस्तकाच्या शिवणीचा वळ.
मग शब्दकोश ओढायचा, जाड, पाठ सुटलेला,
आणि एका ओळीवर कन्नड, खाली मराठी,
एका ओळीवर कन्नड, खाली मराठी,
शेतात टोकण करावी तसा बोटानं सरकत.
कन्नडच्या पेपरात तीनदा गेला.
चौथ्यांदा छत्तीस.
मोबाईल हातात घेऊन माझ्या टेबलापर्यंत आला,
छत्तीस, मामा, छत्तीस,
आणि पळाला तो थेट फाट्यापर्यंत.
तास: तीन हजार एकशे चार.
सरासरी: बेचाळीस.

माझं नाव वहीत नाही.
बावीस वर्षं, रोज आठ तास, दारात का होईना.
चव्वेचाळीस हजार होतात.
ह्या हिशोबानं मी कुलगुरू व्हायला पाहिजे होतो,
दहावीचं गणित तेवढं राहिलंय.

सायबांनी सगळं संगणकात घातलं.
ठिपके उठले, मधून एक रेघ, वर चढणारी.
बघ, आहे नातं, म्हणाले, खूश झाले.
मी रवळूचा ठिपका शोधत होतो.
रेघेच्या पार खाली, उजव्या कोपऱ्यात,
वस्तीच्या बसमधून शेवटी उतरलेल्या माणसासारखा
एकटा.

मग त्यांचं बोट एका नोंदीवर थांबलं.
पाखरे, शेवटचा दिवस.
आत: नऊ वाजून पाच.
बाहेर: काही नाही.
हे काय? हा बाहेर कधी गेला?
म्हटलं, वहीप्रमाणं अजून आतच आहे की, सार.

साहेब हसले नाहीत.
साडेपाच लिही, म्हणाले.
लिहिलं.
पेन्सिलीनं.