पाठीमागचा डोंगर

गोदाबाई हेडाऊ फोटो घेऊन आल्या
साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून,
भर मे महिन्यात, गोळीबार चौकातून धरमपेठेपर्यंत
दोन ऑटो बदलत.
"तुमी नकाशे काढत होते म्हणे," त्या म्हणाल्या,
"तं हे सांगा, माहा बाप कुठं उभा आहे."

मी आधी कूलर बंद केला.
ऐंशी वर्षांच्या कागदाला
पाण्याचा एक शिंतोडाही पुरतो.

एक जहाज. एक धुरांडं, की दोन?
दुसरं पहिल्याच्या आड,
लग्नाच्या फोटोत बुटका चुलतभाऊ उभा असतो तसं.
नाकाडावरचा क्रमांक कुणीतरी ब्लेडनं खरवडलाय,
इतका मन लावून की कागदाला तिथं लव आलीय.
लढाईत असंही काम असणार एखाद्याकडे:
पंख्याखाली बसून जहाजांची नावं पुसायची.
आज मी त्याच्यासमोर बसलोय, उलट बाजूनं,
भिंग घेऊन, पेन्शनीत.

समुद्र मी तीनदा पाहिला, तिन्ही वेळा एलटीसीवर.
जहाजातलं मला काही कळत नाही.
कामठीच्या कुणा सुभेदारानं त्यांना सांगितलं होतं, विनाशिका.
विनाशिका एवढी ठेंगणी नसते, इतकं मलाही कळतं.
मागच्या टोकाला जाडजूड दोरखंडांचं रीळ आहे,
सुरुंग वेचणारं असेल.
पण नाव?
नाव नाही.

मग जहाज सोडलं आणि डोंगर धरला.
भूवैज्ञानिक खात्यात चौतीस वर्षं
मी डोंगरांच्या कडा शाईनं ओढल्या.
हा काळा, पायऱ्यापायऱ्यांचा, गवताची काडी नाही,
थरावर थर,
लाव्हा थांबत थांबत आल्याची खूण.

"लहानपणी आमाले वाटे," गोदाबाई म्हणाल्या,
"हा बर्डीचा किल्ला, अन् खाली फुटाळा.
बाबा नावेत बसून फिरायले गेले."
मला हसू आलं नाही.
बर्डीची टेकडी याच गोताच्या दगडाची.
पश्चिमेकडून एवढा लांब पसरत आलेला काळा दगड
नागपुरात येऊन दमतो, पुढं वेगळीच जमीन.
फोटोतला त्याचा कुणी दूरचा काका,
समुद्रात पाय सोडून बसलेला.
"एडन असावं," मी म्हटलं.
"असावं?"
"असावं."

डेकवर सात माणसं. उन्हानं सगळ्यांचे चेहरे
पांढरे करून टाकलेले, पिठात बुडवल्यासारखे.
मी भिंग सरकवत होतो एकेकावरून.
त्यांनी भिंग घेतलंच नाही.
"हे," नख टेकवून म्हणाल्या.
कोपऱ्यात झाकणाच्या काठावर बसलेला एक,
पाय खाली सोडून, उजवी टाच जराशी वर,
पावडीवर ठेवल्यासारखी.
"मागाच्या खड्ड्यात असाच बसे. मरेपर्यंत.
समुद्राचं इचारलं का म्हने, पानी होतं. पानीच पानी.
अन् धोटा फेकत राहे."

सावल्या लांबलेल्या. तिथली दुपार कलती.
म्हणजे त्या वेळी इथं दिवेलागण,
विणकरांच्या गल्लीत कंदिलाच्या काचा पुसत असतील,
आणि गोदाबाई पोटात, आईच्या, पाच महिन्यांच्या.
हा शेवटचा हिशेब त्यांनीच केला, बोटांवर.

"मागं लिहून द्या."
मी पेन्सिलला टोक काढलं.
डोंगर: काळा, थरांचा, बहुधा एडन.
वेळ: घरी दिवे लावायची.
जहाज: ठाऊक नाही.

त्यांनी वाचून घेतलं, माझ्याकडून, दोनदा.
"ते ठाऊक नाही काहून लिहिलं?
कोणाले ठाऊक असंन तं तो लिहीन. जागा सोडा."

मी खोडरबर घेतला.
हळू चालवला, तरी कागदाला
तिथं पुन्हा थोडी लव आली.