कार्बन पेपर

साखर पेठेच्या पोस्टात
कोनापुरेबाईंनी पाकीट उजेडाकडे धरलं.
"आत काय?"
"पत्र," मी म्हणालो.
अर्धं खरं.

उरलेलं अर्धं : चाळीस डॉलर,
दुबईच्या साडूकडून बदलून घेतलेले,
कार्बन पेपरच्या घडीत निजवलेले.
म्हणे, मशिनीला दिसत नाहीत तसे.

ब्रनो गावच्या एका म्हाताऱ्याकडे
आमच्या जुन्या जेकार्डचा हूक आहे.
कार्ड तो घेत नाही. माझ्याकडेही नाही.
बँकेत गेलो तर फॉर्म पुढे आला :
पैसे पाठवण्याचा हेतू.
काय लिहू?
चादरीवरच्या मोराला मान येत नाही?

चैत्र गेला. वैशाखात तर
मागाच्या लोखंडाला हात लावता येईना.
पोस्टमन आला की यादगिरी
धोटा हातात तसाच धरून बघायचा.

शेवटी उत्तर आलं, भाचीनं वाचून दाखवलं :
"पाकीट मिळालं. कडेला चिकटपट्टी होती.
आत पत्र आणि हा काळा कागद.
कागदाचं काय करायचं कळलं नाही,
म्हणून परत पाठवतोय.
हूक ठेवलाय बाजूला."

कागद उजेडाकडे धरला मी,
कोनापुरेबाईंसारखा.
दोन घड्या. चार चौकोन.
बोटं काळी झाली.

आत खटखट चालूच होती,
मोरामागून मोर,
सगळे खांद्यापर्यंत.