तोंड कुठल्या बाजूला

शरूची सीट पुण्याच्या आत्तेभावाकडून आली,
दोन पोरं बसून उठलेली,
बिस्किटाचा चुरा शिवणीत तसाच.
खाली प्लास्टिकमध्ये उमटवलेलं एक साल:
यानंतर वापरू नये.
दुधाच्या पिशवीसारखी बसण्यालाही मुदत असते
हे उद्यमबागेत चौदा वर्षं लेथ चालवून
मला ठाऊक नव्हतं.

तीन वर्षं शिल्लक होती. बसवली.
तोंड मागे.
(आमच्या भागात तोंड कुठल्या बाजूला,
हा काही साधा प्रश्न नाही.)

दिवसभर गंगव्वा सांभाळते,
म्हणून पोरीचा पहिला शब्द कानडी: होतु.
गेलं.
दर दुसऱ्या रविवारी कागलला बहिणीकडे जाताना
काकतीचा डोंगर होतु,
उसाची ट्रॉली होतु,
तवंदी घाटातलं माकड, केळ्यासकट, होतु.
माझ्या मराठी कानाला वाटायचं,
दीड वर्षाची पोर, आणि सगळ्याला म्हणते
होतं.

कोगनोळीला हद्द ओलांडली की
मागच्या काचेतून तिला पाटी दिसायची,
कर्नाटकात आपले स्वागत.
परतताना महाराष्ट्राची.
जिथून निघालो
तिथलंच स्वागत तिच्या वाट्याला.

बहीण म्हणाली, बेडकीसारखी पाय दुमडून बसते,
फिरवा की आता.
आई म्हणाली, मांडी कशाला दिलीय देवानं?
डॉक्टर हिरेमठ म्हणाले, पाय दुमडू देत,
पायांना काही होत नाही. मान अजून कच्ची आहे.
तेरा किलो होईपर्यंत थांबा,
नाहीतर डोक्यावर इंचभर जागा उरणार नाही तोपर्यंत.

कारखान्याच्या काट्यावर उभी केली. बारा आठशे.
शेजारी पंपाचं कास्टिंग, बारा नऊशे.
मुत्तू म्हणाला, मशिनिंग धरलं तर सेमच की हो.

पण कास्टिंग थंड झालं की तेवढंच.
माझ्या हाताखाली रोज वस्तू कमी होत जाते,
छिलका पायाशी पडतो,
त्याचेच पैसे मिळतात.
वाढणारं काही मोजायची सवय नाही मला.
ती गाडीत झोपली की व्हर्नियर लावायचो,
डोक्यापासून सीटच्या कडेपर्यंत:
गणपतीला एकतीस मिलिमीटर,
दिवाळीला अठ्ठावीस.
संक्रांतीच्या आदल्या दिवशी पंचवीस पॉइंट दोन.
दोनदा मोजलं.
इंच गेला.

शनिवारी रात्री वडगावच्या बोळात
तोंडात बॅटरी धरून पट्टा सोडला.
सीटखाली सापडलं: एक पायमोजा,
चिकटून काळा झालेला करदंटाचा तुकडा,
आणि तिनं फेकलेली माझी हरवलेली किल्ली.
सीट फिरवली, गुडघा रोवून पट्टा ओढला.
बोटभर हलली, परत ओढला.
मागच्या गादीवरचा तो गोल आरसा काढला,
दोन वर्षं मी तिला त्यातच बघत होतो,
वाटीएवढी.

सकाळी ती हत्तरगीपर्यंत गप्प.
रस्ता असा अंगावर येतो
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
टोलवर मला हाक मारली, बाबा!
बूथमधल्या पोरानं कानडीत ऐकलं, बा, बा, ये ये,
आणि हसत कमरेपर्यंत बाहेर वाकला,
बंदे, बंदे.
तिथून पुढं सुरू झाली.
लॉरी बंतु. पूल बंतु.
संकेश्वरच्या धुराला लांबूनच बंतु, बंतु,
जणू तिनंच बोलावलेलं.

तवंदी उतरेपर्यंत झोपली.
मान सरळ होती, पट्टा खांद्यावर बरोबर.
कोगनोळीची पाटी आली ती तिनं पाहिलीच नाही.
मी मात्र गाडीच्या आरशात पाहिलं:
मागं कर्नाटकात स्वागत,
उलट्या अक्षरांत,
लहान होत होत
होतु.